बाळाला गाणी लावून देऊ नका, बाळासाठी गा

"डॉक्टर, बाळाच्या मेंदूची वाढ चांगली व्हावी म्हणून कोणतं संगीत ऐकवू?" हा प्रश्न हल्ली जवळपास रोज विचारला जातो. कधी सातवा महिना लागलेली आई विचारते, कधी अडीच महिन्यांच्या लेकराला लसीकरणासाठी आणलेले बाबा. बऱ्याचदा विचारतानाच मोबाईल पुढे केला जातो. त्यावर एखादं अ‍ॅप, एखादी यादी, 'आठ तास ब्रेन डेव्हलपमेंट म्युझिक' असा एखादा व्हिडिओ असतो. कोणी पोटाला बांधायचा स्पीकर मागवलेला असतो, तर कोणी गर्भसंस्काराच्या पॅकेजसाठी हजारो रुपये भरलेले असतात.

माझं उत्तर स्पष्ट आहे. संगीताचा बाळाला फायदा होतो, चांगलाच होतो. पण तो फायदा विकत मिळत नाही. अ‍ॅप, सीडी, पट्टा, पॅकेज यांपैकी कशानेही तुमचं बाळ हुशार होणार नाही. ज्या गाण्याने बाळाचं भलं होतं ते आई, बाबा, आजी, आजोबा, आत्या यांच्या तोंडून येतं आणि ते फुकट असतं. गेल्या काही वर्षांत आपण हे फुकटचं बंद केलं आणि विकतचं सुरू केलं. त्याचं नुकसान मला दवाखान्यात दिसतं, म्हणून हा लेख.

'मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल' हे आलं कुठून?

१९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ कॉलेजवयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि लगेच कागदाच्या घड्या डोळ्यांसमोर आणण्यासारखी कोडी सोडवायला दिली. त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. अभ्यास एवढाच.

यात एकही बाळ नव्हतं, एकही गरोदर बाई नव्हती. तरी वर्तमानपत्रांनी 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' असा मथळा केला आणि बाजाराने त्याला बाळ जोडलं. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत किंवा सीडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद मागितली. पुढे २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी तोवर झालेले सुमारे ४० अभ्यास, ३ हजारांहून जास्त माणसांची माहिती, एकत्र तपासली. मोझार्टमध्ये बुद्धी वाढवणारं खास असं काही सापडलं नाही. कोणतंही आवडतं संगीत किंवा गोष्ट ऐकली की माणूस थोडा तरतरीत होतो आणि कोडं थोडं बरं सोडवतो, इतकंच निघालं.

विज्ञानाने हा दावा केव्हाच मोडीत काढला. आपल्याकडे मात्र तो आता जोरात खपतोय. फक्त मोझार्टच्या जागी कधी राग, कधी मंत्र, कधी 'अल्फा वेव्ह' असं नाव लावलं जातं. राग ऐकू नका, मंत्र म्हणू नका, असं मी म्हणत नाही. आईला त्यातून शांत वाटत असेल तर जरूर ऐकावं. शांत झोप आणि मोकळं मन गरोदरपणात हवंच असतं. पण 'अमुक राग ऐकला की बाळाची स्मरणशक्ती वाढते' असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्याकडे पुरावा नाही. असं सांगणाऱ्यांत आमच्याच व्यवसायातली काही मंडळी आहेत, हे जास्त वाईट.

पोटातलं बाळ खरंच काय ऐकतं?

साधारण २५ व्या आठवड्याच्या आसपास बाळाचा आतला कान काम करू लागतो. पुढच्या काही आठवड्यांत बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं, अचानक मोठा आवाज झाला तर दचकतं. आत शांतता नसतेच. आईच्या हृदयाचे ठोके, रक्तप्रवाह, आतड्यांची गुरगुर सतत सुरू असते. बाहेरचे आवाज पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून दबून पोहोचतात, त्यातही बारीक, उंच पट्टीतले जास्त दबतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच आत जातो. शब्द कळत नाहीत, पण ठेका, चढउतार आणि हेल पोहोचतो.

१९८० साली केलेल्या एका सुंदर प्रयोगात तीन दिवसांपेक्षा लहान बाळांच्या तोंडात चोखणी दिली होती. एका पद्धतीने चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या पद्धतीने चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज निवडला. १९८६ साली त्यापुढचा प्रयोग झाला. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळांना नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट ऐकायला जास्त आवडली. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी नवजात बाळांचं रडणं मोजलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढणारा, जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा. त्यांच्या आईच्या भाषांचे हेलही तसेच आहेत.

म्हणजे बाळ पोटातच आईच्या भाषेची चाल उचलतं. मग आईने रोज बोलावं, वाचावं, गुणगुणावं, यापेक्षा वेगळा संस्कार कोणता हवा? पोटाला बांधलेल्या स्पीकरने याहून जास्त काही होतं याचा पुरावा नाही. त्याचा आवाज आत नेमका किती पोहोचतो हे तुम्हाला घरी मोजता येत नाही. पोटातलं बाळ बहुतेक वेळ झोपेत असतं, त्या झोपेतच त्याचा मेंदू घडत असतो. ती झोप मोडायला आपण पैसे का मोजायचे?

एक गोष्ट आणखी, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. एखादं लेकरू उशिरा बोलतं, एखाद्याला स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी निघते. मग आई हळूच विचारते, "मी गर्भसंस्कार केले नाहीत, म्हणून झालं का?" कधी तिच्या देखत सासरचं कोणी तसं बोलूनही टाकतं. त्या प्रत्येक आईला सांगतो, नाही. या आजारांची कारणं वेगळी असतात. सीडी न ऐकल्याने कुठलंही बाळ आजारी पडत नाही. 'ऐकलं तर हुशार होईल' असं सांगणारा माणूस 'नाही ऐकलं तर दोष तुझा' हेही न बोलता विकत असतो. ते ओझं बाईच्या डोक्यावर बसतं.

मग खरा फायदा कोणता?

संगीताने बुद्ध्यांक वाढतो असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या गोष्टी चांगल्या प्रयोगांतून दिसल्या आहेत.

बाळ शांत होतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५-१६ च्या सुमारास सात ते दहा महिन्यांच्या बाळांना बोलणं आणि गाणं ऐकवून पाहिलं. बोलणं ऐकताना बाळं साधारण चार मिनिटांत कुरकुरायला लागली, गाणं ऐकताना जवळपास नऊ मिनिटं टिकली. तेही त्यांना न कळणाऱ्या तुर्की भाषेतलं गाणं होतं. तीन महिन्यांच्या, पोटशूळाने रडणाऱ्या बाळाच्या घरी ही पाच मिनिटं किती मोठी असतात हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

कमी दिवसांच्या बाळांना मदत होते. २०१३ साली अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास झाला. आईवडिलांनी आपल्या घरातलं एखादं गाणं निवडायचं आणि ते अंगाईच्या चालीत बाळाजवळ थेट गायलं जायचं. हृदयाचे ठोके संथ झाले, दूध ओढणं सुधारलं, आईवडिलांचा ताणही कमी झाला. आपल्या शहरात घाटीत असो वा खासगी नवजात विभागात, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत आता परिचयाची आहे. त्या वेळी आया बहुतेक गप्प बसून राहतात, कारण गायचं असतं हे त्यांना कोणी सांगत नाही. तिथल्या परिचारिकेला विचारा आणि अगदी हळू आवाजात गुणगुणा. बाळ तोंड फिरवू लागलं, बोटं ताणू लागलं, उचकी लागली, तर थांबा. त्याला सध्या एवढं पुरे असा त्याचा अर्थ.

ठेका अंगात उतरतो. २००५ सालच्या एका प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना एकच ताल ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला उचललं, काहींना दर तिसऱ्या. नंतर प्रत्येक बाळाने आपल्याला झुलवलं होतं तसाच ताल ऐकणं पसंत केलं. ज्या बाळांनी दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहिलं, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. मांडीवर झुलणं आणि पडद्यावर झुलणारं कार्टून पाहणं यातला फरक यापेक्षा सोप्या रीतीने मला सांगता येणार नाही.

भाषेलाही हातभार लागतो. २०१६ साली सिअ‍ॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना आईबाबांसोबत बारा वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, तीन मात्रांच्या संगीतावर ठेका धरायला लावला. नुसतं खेळणाऱ्या बाळांच्या तुलनेत या बाळांच्या मेंदूने संगीतातली आणि बोलण्यातलीही लय चुकल्यावर जास्त स्पष्ट दखल घेतली. शब्द कुठे संपतो, पुढचा कुठे सुरू होतो हे ओळखायला लयच तर लागते.

आणि माणूस माणसाशी जोडला जातो. १४ महिन्यांच्या बाळांना समोरच्या व्यक्तीबरोबर एकाच तालात झुलवलं, तर नंतर त्या व्यक्तीच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला ती जास्त पुढे आली.

यातला समान धागा पाहा. प्रत्येक ठिकाणी गाण्याबरोबर माणूस आहे, मांडी आहे, हात आहे. काही ठिकाणी संगीत ध्वनिमुद्रित होतं, पण बाळ कोणाच्या तरी कुशीत त्यावर डोलत होतं.

मोबाईल गातो, तेव्हा काय होतं?

"पण डॉक्टर, मोबाईलवर पण गाणंच आहे ना?" आहे. पण बाळ त्यातून शिकत नाही.

२००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवण्यात आली. एका गटाला समोर बसून खेळणाऱ्या, गोष्ट वाचणाऱ्या चिनी माणसांकडून, बारा वेळा. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचा व्हिडिओ किंवा नुसता आवाज. माणसांकडून ऐकलेल्या बाळांना चिनी उच्चारांतला फरक ओळखता येऊ लागला. व्हिडिओ आणि ध्वनिफितीच्या बाळांना काहीच आलं नाही. २०१० साली १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना शब्द शिकवणारी एक खपाऊ डीव्हीडी चार आठवडे दाखवली. डीव्हीडी पाहणारी बाळं न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. डीव्हीडीशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द आईबाबांकडून शिकणारी बाळं सर्वांत पुढे होती. गंमत म्हणजे डीव्हीडी ज्या पालकांना स्वतःला आवडली होती, त्यांना आपलं बाळ खूप शिकलं असं वाटत होतं. याच काळात, २००९ साली, 'बेबी आइनस्टाइन' या प्रसिद्ध मालिकेच्या डीव्हीडींचे पैसे डिस्नी कंपनीने पालकांना परत देऊ केले.

बाळ "आऽ" म्हणालं की आई थांबते, "काय गं बाई?" म्हणते, पुढची ओळ तिच्याकडे पाहून म्हणते. बाळ कंटाळलं तर चाल बदलते, हसलं तर पुन्हा म्हणते. मोबाईल बाळाकडे पाहत नाही, थांबत नाही, त्याच्या "आऽ"ला उत्तर देत नाही. दोन वर्षांचं लेकरू इंग्रजी बडबडगीतं घडाघडा म्हणतं म्हणून घरचे खूश असतात. पण तहान लागली तर "पाणी" म्हणत नाही, हात धरून माठाकडे नेतं. अशी मुलं मी नियमित पाहतो. त्यातल्या काहींना स्वमग्नता असते आणि तिचं कारण मोबाईल नाही, तिथे नीट तपासणी लागते. पण काहींच्या बाबतीत घरात त्यांच्याशी बोलणारं, गाणारं कोणी उरलेलंच नसतं. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल, रडलं की मोबाईल.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊच नका असं सांगते. दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. 'गाणी लावलीत, कार्टून नाही' ही सवलत त्यात नाही.

आपल्या घरातली शिदोरी

मराठवाड्यातल्या बायकांना बाळासाठी गाणं विकत घ्यावं लागतंय, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यात आपल्या बीड, परभणीच्या बायका आहेत. दळणाऱ्या बाईच्या मांडीवर किंवा शेजारी झोळीत लेकरू असायचं. जात्याची घरघर, आईचा आवाज आणि तिच्या अंगाची लय तिन्ही एकदम त्याच्यापर्यंत पोहोचायचं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ज्या ओव्या जमवल्या त्यातही तान्ह्या बाळावरच्या ओव्यांचा मोठा भाग आहे.

हे एकाच समाजाचं धन नाही. रामनवमीला दुपारी बारा वाजता देवळात पाळणा हलतो आणि बायका पाळणा गातात. शिवबाचा पाळणा आहे, भीमरायाचा पाळणा आहे. दख्खनी भाषेत सूफी परंपरेतून आलेले चक्कीनामे, चरखानामे आणि लोरीनामे आहेत, म्हणजे दळताना, सूत कातताना आणि बाळ झोपवताना म्हणायची गाणी. सतराव्या शतकापासून ती दख्खनच्या घराघरांत फिरली. तांड्यावरची आई गोरबोलीत गाते. तुमच्या घरची भाषा कोणतीही असो, बाळासाठी तीच बरोबर. इंग्रजी बडबडगीताने बाळ इंग्रजी शाळेला तयार होत नाही. घरच्या भाषेचा पाया भक्कम असेल तर पुढे कुठलीही भाषा येते.

मग हे गाणं गेलं कुठे? पिठाची गिरणी आली, जातं गेलं. ते गेलं हे बरंच झालं, बाईचे कष्ट वाचले. पण त्याबरोबर गाण्याची रोजची वेळ गेली. सिडकोत, वाळूजला दोन खोल्यांत नवराबायको आणि बाळ राहतात, आजी गावाकडे. आणि तिसरं कारण लाज. "माझा आवाज चांगला नाही हो डॉक्टर." टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी आपल्याला पटवून दिलंय की गाणं हे गायकांचं काम आहे.

तुमचं बाळ परीक्षक नाही. त्याला पट्टी कळत नाही, तुमचा आवाज कळतो. बेसूर आईचं गाणंही त्याला लता मंगेशकरांच्या गाण्याहून जास्त हवं असतं, कारण ते त्याच्या ओळखीचं आहे आणि त्याच्याकडे पाहून म्हटलं जातंय. घरात कोणी नव्या आईच्या गाण्याला हसत असेल, तर त्यांना हा लेख वाचायला द्या.

याचा उपयोग आईलाही होतो. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात असलेल्या १३४ बायकांवर इंग्लंडमध्ये अभ्यास झाला. बाळांना घेऊन एकत्र गाणाऱ्या गटातल्या आया इतरांपेक्षा लवकर सावरू लागल्या. अर्थात सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल नको ते विचार येणं, असं असेल तर गाण्यावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा.

एकीकडे संस्कार, दुसरीकडे डीजे

ज्या शहरात बाळाच्या मेंदूसाठी पोटाला स्पीकर बांधले जातात, त्याच शहरात पाळण्यातलं बाळ डीजेच्या भिंतीपासून वीस फुटांवर झोपलेलं असतं. मिरवणूक गणपतीची असो, जयंतीची असो, लग्नाची वरात असो, मी कोणा एकाला बोलत नाही, सगळ्यांनाच बोलतोय.

निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. कारखान्यातल्या प्रौढ कामगारासाठी ८५ डेसिबलला आठ तास ही धोक्याची रेषा मानतात आणि १०० डेसिबलला ती साधारण पंधरा मिनिटांवर येते. डीजेसमोर १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी अशा आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. बाळाला कान झाकता येत नाहीत, उठून जाता येत नाही. ते फक्त रडतं आणि आपण म्हणतो, गर्दीला घाबरलं.

लहान आवाजही तपासा. बाळ झोपावं म्हणून एकसुरी आवाज करणारी १४ यंत्रं २०१४ साली कॅनडात मोजली. पूर्ण आवाजात, ३० सेंटीमीटरवर, त्यातली तीन ८५ डेसिबलच्या वर गेली. मोबाईल उशीखाली ठेवून 'पावसाचा आवाज' लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वाजणारी खेळणी बाळ थेट कानाला लावतं. तुम्हाला कर्कश वाटतं ते खेळणं बाळासाठी नाही.

आधी ऐकू येतं का, ते पाहा

हजारात एक ते तीन बाळं जन्मतःच ऐकण्याचा दोष घेऊन येतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत हे प्रमाण जास्त असतं. त्यांना कोणतंही संगीत पोहोचत नाही आणि घरच्यांना दीड-दोन वर्षं पत्ता नसतो. ताट वाजवून केलेली परीक्षा खरी नाही. बाळ हालचाल पाहून, हवेचा झोत किंवा जमिनीचा कंप जाणवूनही वळतं.

ओएई नावाची तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ नळी ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही. अतिदक्षता विभागातल्या बाळांना बेरा ही तपासणी लागते. नियम सोपा आहे. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, तिसऱ्या महिन्यापर्यंत तुमच्या आवाजाने शांत होत नसेल, सहाव्या-सातव्या महिन्यात आवाजाकडे वळत नसेल, तर थांबू नका. गर्भसंस्काराच्या पॅकेजपेक्षा ही तपासणी आपल्या लेकराला कितीतरी जास्त देऊन जाते.

आजपासून काय करायचं?

१. गरोदरपणात जे गुणगुणावंसं वाटतं ते गुणगुणा. बाळाशी बोला, मोठ्याने वाचा. पोटाला काहीही बांधू नका.

२. जन्मानंतर दिवसातल्या तीन वेळा ठरवा: मालिश-अंघोळ, दुपटं बदलणं आणि झोप. प्रत्येक वेळेचं एक गाणं. तेच तेच म्हणा. बाळाला नावीन्य नको, ओळख हवी असते.

३. बाळाच्या चेहऱ्यापासून वीतभर-दोन वीत अंतरावर, त्याच्या डोळ्यांत पाहून, बोलण्याच्या आवाजात गा. मधे थांबा, त्याला "ऊं" म्हणायला जागा द्या.

४. मांडीवर झुलवा, टाळ्या वाजवा, तळहातावर मोर बसवण्याचा खेळ खेळा. पण बाळाला जोरात हलवू नका, हवेत उडवू नका. लहान बाळाची मान नाजूक असते.

५. बाबांनी गावं. कामावरून आल्यावर दहा मिनिटं. गाणं येत नसेल तर बाळाचं नाव घालून चाल लावा: "आता आपण पाय पुसू." यालाही संगीतच म्हणतात.

६. आजी गावाकडे असेल तर तिला फोन करून तिच्या ओव्या विचारा, लिहून घ्या. सुट्टीत आली की बाळ तिच्याकडे द्या आणि मोबाईल खिशात ठेवा.

७. रेडिओ, रेकॉर्डवरचं गाणं बंद करा असं नाही. तुम्हाला आवडतं ते हळू आवाजात लावा, बाळाला कडेवर घेऊन त्यावर डोला. दिवसभर मागे चालू मात्र ठेवू नका. सतत आवाज असला की बाळाला तुमचे शब्द वेगळे ओळखता येत नाहीत.

८. मिरवणूक, वरात यांत एक वर्षाखालचं बाळ नेऊ नका. घराजवळ डीजे वाजणार असेल तर त्या संध्याकाळी बाळाला आतल्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे न्या. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर वाजला तर तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे.

"आम्ही दोघंही नोकरीवर जातो, गायला वेळ कुठे?" असं कोणी म्हणेल. अंघोळ घालावीच लागते, दुपटं बदलावंच लागतं, झोपवावंच लागतं. वेगळा वेळ नकोच आहे. तेच काम गप्प राहून किंवा मोबाईल लावून करता, ते गात करा. पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या मावशींकडे बाळ राहत असेल तर त्यांनाही हेच सांगा. त्यांना बहुतेक आपल्यापेक्षा जास्त गाणी येत असतात, फक्त 'शिकलेल्या' आईबाबांना आवडेल की नाही म्हणून त्या गप्प असतात.

बाळाच्या बारशाला आपण अजून पाळणा सजवतो, आत्या कानात नाव सांगते, बायका जमून पाळणा म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून पाळण्याला मोबाईलचा स्टँड लागतो. तो स्टँड काढा. पैसे वाचतील आणि तुमच्या लेकराला त्याच्या हक्काचा आवाज मिळेल.